नंतर

सौनाच्या बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या फळीखाली
माझं टपालघर आहे.
एक जुनं यंत्र, खरखरत्या पंख्याचं;
जानेवारीत मी त्याच्यावर हातमोजे वाळत घालतो.

वार्काउसच्या गिरणीत एकतीस वर्षं
कागदाची मापं घेतली, ओलावा, वजन, जाडी,
आणि घरी येऊन हे बिनकागदी ठाणं सांभाळलं.
शेजारचा उर्पो म्हणतो, सगळं फुकट मिळतं की,
कशाला ही उठाठेव?
मी म्हणतो, विहीर तर तुझीही स्वतःचीच आहे.

दार मीच राखतो.
अनोळखी कुणी आलं की यंत्र म्हणतं,
आत्ता नाही, पाच मिनिटांनी ये.
लबाड परत येत नाहीत, त्यांना घाई असते.
ज्याला खरंच काही सांगायचंय
तो थांबतो, पुन्हा कडी वाजवतो.
युक्ती माझी नाही,
पण मिरवली मात्र मी खूप.

मागल्या आठवड्यात जुनी डिस्क टकटकू लागली.
नवं यंत्र आणलं, तळहाताएवढं, आवाज न करणारं.
रात्री अकराला हलवाहलव सुरू केली,
कप्प्यामागून कप्पा:
विजेची बिलं, मासेमारीचे परवाने,
मिर्याचे दवाखान्यातून आलेले निरोप,
जे मी पुसत नाही आणि उघडतही नाही.
बाहेर उणे सव्वीस.
पहाटे आकडे ताडून पाहिले.
तिकडे अडतीस हजार नऊशे चौदा.
इकडे अडतीस हजार नऊशे अकरा.

तीन पत्रांनी काय बिघडतं?
पण मापं घेण्यात जन्म गेलेल्याला
फरक झोपू देत नाही.

पहिलं करकचेरीचं, त्याला तारीखच नव्हती.
दुसरं मीच मला पाठवलेलं, विषय "चाचणी",
आत एक ओळ: पोचलं का?
तिसरं फार जड,
नव्या दारातून मावलं नाही.
ते ज्या कप्प्यात होतं
त्याचं नाव "नंतर".

हा कप्पा मी कधी केला?
गाळणीची फाइल उघडली.
छप्पन्न नियम, त्यातला एकोणिसावा,
हात माझाच, तेरा वर्षांपूर्वीचा,
वडिलांच्या होडीवरून भांडलो त्या रात्रीचा:
पाठवणारी आउने असेल तर
इथे टाक.
वाचलं अशी खूण कर.

माझा राग तिसऱ्या उन्हाळ्यातच विझला होता.
नियमाला कुणी कळवलं नाही.
तो इमानाने माझ्या बहिणीला "स्वीकारलं" म्हणत राहिला,
आणि मी उर्पोला सांगत राहिलो,
केमीहून एक ओळ येत नाही,
किती ताठ असावं माणसानं.

दोनशे सात.
सगळ्यांवर खूण: वाचलं.
एकात फक्त एवढंच,
मिर्या गेल्याचं मला दुकानात कळलं, तौनो.
जड पत्रात फोटो होते, होडीचे,
नवी फळी, ताजं डांबर, नाव जुनंच.
खाली लिहिलेलं, अर्धी तुझी आहे,
वल्ही दोन्ही माझ्याकडे.

नियम पुसायला एक कळ लागली.
उत्तराला दोन दिवस.
पाठवलं, आणि मग वाट पाहिली,
जशी तिनं पाहिली असेल, फक्त खूपच थोडी.
काही नाही.
मग ध्यानात आलं: नव्या यंत्राचा पत्ता कोरा,
मोठ्या टपालवाल्यांच्या लेखी त्याला पत नाही,
आणि पत नसलेल्याचं पत्र कुठे जातं
हे मला कुणी शिकवायला नको.

फोन लावला.
तिचा आवाज आता आईसारखा झालाय.
तेरा वर्षांत भावाचं पहिलं वाक्य
काय असावं, ठरवलं होतं बरंच काही.
तोंडातून निघालं,
आउने, रद्दीत बघ.

पलीकडे खुर्ची सरकली.
थांब, म्हणाली,
चष्मा आणते.