हवेची दिशा

बारसं पुढं ढकललं.
तांडापेठेत सगळ्यांना सांगितलं, ऊन फार आहे.
ऊन होतंच. सेहेचाळीस.
पण पाळण्याची झालर
कपाटावर गुंडाळून पडली ती उन्हानं नव्हे,
मेडिकलमधून आलेल्या एका कागदानं,
ज्यावर माझ्या नावापुढं
लाल पेनानं एक अधिकचं चिन्ह होतं.

बाळ बावीस दिवसांचं.
छातीत दूध, छातीतच तो आजार.
एवढ्याशा जागेत दोघं कसे राहतात,
कोण कुणाच्या वाटेत येतं,
रात्रभर खोकत मी हेच मोजत होते.

सासूबाई म्हणाल्या, "पाजू नको वो पोराले.
पावडरचा डबा आणते. माह्या बहिणीची पोरगी
अशीच गेली होती, तवा कोणी सांगतलं नाई."
त्यांचा आवाज कापत होता.
मला त्यांना वाईट म्हणता आलं नाही.

दुपारपर्यंत ब्लाउज दोन्ही बाजूंनी ओला,
पलीकडच्या खोलीत तो ओरडतोय,
आणि मधे एक पडदा,
नागपूर ते रामटेक एवढा लांब.

संध्याकाळी गेडाम सिस्टर आल्या.
चेहऱ्याचा दुपट्टा सोडला, तांब्याभर पाणी प्याल्या,
मग म्हणाल्या, "आधी त्या पोराला इकडे आणा.
अहो, आजार श्वासात आहे, दुधात नाही.
तोंड बांधा. छाती नका बांधू."

मग त्यांनी खोली पाहिली.
मला नाही, खोली.
कूलर कुठून कुठं फेकतो ते हात धरून पाहिलं,
स्वतः बाज ओढली.
बाळ कूलरकडे, मी दाराकडे, दार उघडं.
"हवा आधी त्याची, मग तुमची, मग बाहेर."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला तपासलं,
काट्यावर त्याच्या वाटणीची गोळी ठरली.
ती चुरायची चमच्यात,
आणि चमच्यात माझंच दूध.
माझ्या गोळ्या वेगळ्या, एकही दिवस न चुकवता.
सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं,
लघवी केशरी होईल, घाबरू नका,
डोळ्यांतलं पाणीसुद्धा.
झालं तसंच.
हे म्हणाले, संत्र्याच्या गावची सून, शोभतं.
मी हसले, मास्कच्या आत,
कडेला केशरी ठिपका उमटला.

तर असं पाजलं मी.
हात कोपरापर्यंत धुऊन,
खोकला आला की मान दाराकडे.
घाम मास्कमधून हनुवटीवर साचायचा.
अंगाई कापडातच विरायची,
म्हणून भुवयांनी बोलायला शिकले.
तो पिता पिता थांबून वर बघायचा.
माझा चेहरा त्याच्यासाठी एवढाच,
दोन डोळे, एक टिकली.
तेवढ्यावरच तो पहिल्यांदा हसला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत.
डबा आणला होता, झाकणाखालची चांदी फाडली नव्हती.
एक दिवस तो दुकानात परत करून
अळीव घेऊन आल्या.
बोलल्या काही नाहीत.

आखाडात दुसरा कागद आला.
लाल पेन कुठंच नव्हतं.
सिस्टर म्हणाल्या, काढा आता.
कानांमागे दोऱ्यांचे वळ.
मी पूर्ण चेहऱ्यानं त्याच्यावर वाकले
आणि तो किंचाळला.
हे नाक कुणाचं, हे ओठ कुणाचे,
ही बाई कोण.
सासूबाई हसत सुटल्या,
"वळखच ठेवली नाई व तुही!"

मी ब्लाउजचं बटण काढलं.
रडत रडतच त्यानं वास घेतला.
थांबला.
एक हुंदका अर्धा राहिला होता,
तो दुधात बुडाला.

मग एक हात वर आला, माझ्या ओठांवर बसला,
बराच वेळ तिथंच होता,
भाड्यानं घ्यायचं घर बघायला आलेल्या माणसासारखा,
भिंत चाचपत.

गोळ्या अजून चार महिने आहेत.
बारसं रविवारी. झालर धुऊन वाळत घातलीय.
कूलर कधीचा बंद केला,
पण बाज तिथंच आहे,
कुणी सरकवत नाही.