परत येईपर्यंत

हाप्सालूच्या धक्क्यावर, मासळीच्या जुन्या गोदामात
आम्ही एक डबा जुळवत होतो,
उर्वे आणि मी. बर्फाला कान लावून
त्याची जाडी सांगणारा डबा.
बाहेर समुद्र गोठत होता, आधी बोटभर, मग वीतभर.
हीउमा बेटावर जायचा रस्ता अजून उघडला नव्हता.

डब्यात दोघे राबतात.
प्रोसेसर, हिशेबी, सगळ्यात नाक खुपसणारा,
आणि डीएमए. हा हमाल.
कुठून उचल, कुठे टाक, किती खेपा,
एवढं सांगितलं की निघतो.
चौथा प्रश्न त्याला पडत नाही.

माझी चूक साधी होती.
एका छोट्या फंक्शनमध्ये
मी पाचशे बारा घरांची रांग मांडली,
पत्ता हमालाच्या हातात दिला
आणि फंक्शन संपवून चालती झाले.

फंक्शन गेलं की जागा मोकळी,
पुढचं येऊन तिथेच पथारी टाकतं.
हमालाला कोण कळवणार?
तो जुन्याच पत्त्यावर बर्फाचा आवाज ओतत राहिला,
नव्या बिऱ्हाडाच्या ताटात, उशाखाली,
आणि परत कुठे जायचं
हे लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरसुद्धा.

डबा तीन दिवसांतून एकदा मरायचा.
टेबलावर, आमच्या समोर, कधीच नाही.
एकदा त्याने जाडी दाखवली:
एकोणीस हजार सेंटिमीटर.
"म्हणजे तळापर्यंत गोठलाय," उर्वे म्हणाली,
"आणि तळाखालीही बराच."

मग तिने माझा कोड वाचला. चहावर साय धरली.

"तू पत्ता दिलास, काइदी. घर दिलंच नाहीस.
घर दे. ताबा सोड.
तो आत आहे तोवर डोकावायचं नाही,
पुसायचं नाही, दुसऱ्याला भाड्याने द्यायचं नाही.
आणि घर असं दे, जे तू गेल्यावरही उभं राहील.
झाल्याची खूण आली की मध्ये कुंपण घाल,
अलीकडचं अलीकडे, पलीकडचं पलीकडे,
कारण कंपायलर उतावळा. त्याला वाटतं,
मी हात लावला नाही तर लावणार कोण?
तो जुनंच वाचून मोकळा होतो.
कुंपण झालं की मग घर परत घे."

"मधेच थांबवायचं झालं तर?"
"आधी थांब म्हण. मग थांबला का ते बघ.
मग दार उघड. म्हणणं आणि थांबणं
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"आणि घर परत घ्यायला विसरलेच तर?"
"तर एक घर वाया जाईल," ती म्हणाली.
"जाऊ दे. शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरण्यापेक्षा बरं."

ही शेवटची ओळ मी कोडच्या माथ्यावर टिपून ठेवली.
अजून आहे.

फेब्रुवारीत रोहुक्युलाजवळ अडसर उचलला गेला.
पहिली गाडी उर्वेची, मागच्या सीटवर डबा,
पट्टा न लावलेला, दाराची कडी सैल.
बर्फ खालून कण्हत होता, तारेसारखा.
मी हेइनोशेजारी उभी, माझी गाडी चालू ठेवून.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.
हेइनोचा हात अडसराकडे गेला.
"थर्मास तुझ्याकडेच राहिला का गं?" उर्वे विचारत होती.
"पोचलीस?"
"छे, अजून बर्फावरच आहे."

हेइनोने हात खिशात घातला.
मी इंजिन बंद केलं.