तीन बोटांची फट

दुकानात मी खिशातून टेप काढली
तेव्हा काउंटरमागची लविना हसली.
"फ्रिज घेताय की पाळणा, दादा?"
सुचिता स्टुलावर, आठवा सरत आलेला,
तिला हसायला दम पुरला नाही.

पहिल्याला झालर होती, आत सशाच्या कानांची उशी.
झालर सुटते का?
नाही, शिवलेलीच आहे.
मग राहू दे.
दुसऱ्याला चाकं चार, ब्रेक दोनच.
गजांच्या मधे टेप धरली:
साडेसात.
सहाच्या वर नको, सिस्टर इर्मानं सांगितलेलं,
डोकं अडकतं, धड निसटतं,
हे तिनं आमच्याकडे न बघता सांगितलं होतं,
फाइल भरता भरता.

तिसरा साधा. एक बाजू खाली सरकणारी,
पलंगाला बांधायला दोन पट्टे, गादी पातळ आणि टणक.
मी तळहातानं दाबली. हात रुतला नाही.
पट्टा ओढून पाहिला, जरा जास्तच जोरात,
लविना म्हणाली, दादा, पैसे द्यायच्या आधी नको.

मी चोडणच्या फेरीवर खलाशी.
दिवसभर फळी धक्क्याला टेकवायची, उचलायची,
परत टेकवायची.
भरतीची फट वेगळी, ओहोटीची वेगळी.
गेल्या वर्षी सांतानच्या पोराची चप्पल
त्या फटीतून गेली. निळी, डाव्या पायाची.
चप्पलच गेली. सगळे हसले, पोरगाही.
मी रात्री ताटावर बसलो तरी
पाणी तिच्यावर कसं मिटलं
तेच बघत होतो.

घरी आणून लावला तर
आमचा पलंग त्याच्याहून चार बोटं उंच,
आणि दोघांच्या मधे तीन बोटांची फट.
माझी बोटं. दोर ओढून जाड झालेली.
सुचिता म्हणाली, टॉवेल कोंबू.
म्हटलं, फटीत कोंबलेलं
कधीतरी निघतंच.

रविवारी मिसा आटोपून कायतान मेस्त आला,
इस्त्रीच्या शर्टावरच पलंगाखाली शिरला.
लग्नातला पलंग, शिसवी, सासऱ्यांनी कर्ज काढून दिलेला.
"पाय कापू? खरंच?"
काप.
चार लाकडी चकत्या जमिनीवर पडल्या.
बाजूची नक्षीची पट्टीही उतरवली,
ती आडवी येत होती.
सुचिता दारात उभी राहून
भुशाचा वास घेत होती. काही बोलली नाही.
मग एक चकती उचलून तिनं
देवळीत ठेवली, का कोण जाणे.

साखळीहून आत्या मोहरीची उशी घेऊन आली,
डोकं गोल व्हावं म्हणून.
आत काहीच ठेवायचं नाही, आत्या,
उशी नाही, दुलई नाही, बाहुली नाही.
"तुला मी अशाच उशीवर वाढवला."
माझं डोकं बघ ना, म्हटलं.
ती रुसली, अर्धा चहा टाकून बसला गेली.
मोहरी आता डब्यात आहे.
खतखत्याला नाही, पण पोळसाच्या वळवयाला नाही,
असल्या हिशेबात न पडता
सुचिता ती रोज फोडणीला घालते.

आज नववी रात्र. नाव अजून ठेवलेलं नाही.
मच्छरदाणी खोलीभर, वरून, तिच्या हाताच्या बाहेर.
ती उताणी,
दोन्ही मुठी कानांशी,
कुणीतरी हात वर करायला सांगितल्यासारखी.
सुचिता कुशीवर, सरकलेल्या बाजूकडे तोंड करून.
उठायला नको, फक्त हात लांब करायचा.

तीनला मला जाग येते.
अंधारात कडेनं बोट फिरवतो.
जात नाही.
पट्टा चाचपतो, दुसरा पट्टा चाचपतो,
पुन्हा बोट.
जात नाही.

ती माझं बोट धरत नाही, झोपलेली आहे.
मीच ते तिथं ठेवतो,
खुंटाला दोर गुंडाळून उभं राहतो ना आम्ही,
शेवटची स्कूटर उतरेपर्यंत,
तसं.