तिथीची पाऊणपट

प्रणितने बंदर बांधलं.
फुजैराबाहेर नांगरलेल्या टँकरवर,
रात्रपाळी उतरल्यावर, बंकवर बसून,
तीन महिने.
हर्णैचंच. किल्ला जिथल्या तिथे,
लिलावाच्या वाळूवर टोपल्या,
खुर्शीदभाईंचा बर्फाचा ट्रकसुद्धा,
मागचा डावा दिवा फुटलेला.

डोळ्यांवर लावायचा तो डबा कुरिअरने दापोलीपर्यंत आला.
पुढे मी एसटीने आणला, मांडीवर घेऊन.

आत मला एक शरीर निवडायचं होतं.
नऊवारी होती, एकशेवीस नाण्यांना.
जीन्स फुकट. मी जीन्स घातली,
आणि केस निळे केले, कारण आईला ते दिसणार नव्हते.

उलट्या होडीवर एक पंखवाला कोल्हा बसला होता.
कुठला, विचारलं तर म्हणाला, इथलाच.
वाळूत ब्राझीलची एक मुलगी रोज येऊन बसायची,
सुरमईच्या ढिगाकडे बघत.
कुणीतरी जेटीच्या टोकाला पाटी ठोकली होती:
प्लॉट विकणे आहे.
आमच्या खऱ्या जागेच्या सातबारावर एकेचाळीस नावं आहेत.
मी पाटीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

मग एका रविवारी बाबा.
डबा बसेना, म्हणून चष्मा काढावा लागला.
खुर्चीत ताठ, गुडघ्यांवर हात,
न्हाव्याकडे बसल्यासारखे.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"एवढी मासळी, आन् कावळा एक नाय?"

मग वाकून, जणू पायाशीच पाणी आहे असं बघत,
"ह्ये पाणी कंच्या तिथीचं?"

कुठल्याच नाही, बाबा.
दर चार मिनिटांनी भरतं, दर चार मिनिटांनी सुकतं.
"मंग होड्या काढतात कवा?"

तेवढ्यात जेटीवर कुणी आलं.
उंच, लाल जाकीट, हनुवटीला दाढी.
आमचा प्रणित बुटका, आणि दाढी त्याला धड फुटतही नाही.
डोक्यावर नाव तरंगत होतं, ते बाबांना वाचता येईना.
बोटीवरचं नेट तुटक, आवाज नाही.
तो नुसता उभा राहिला
एक पाय पुढे,
दोन्ही तळवे उघडे, पोटाच्या उंचीवर.

बाबांनी दोर टाकला.

शोकेसवरची कबड्डीची ढाल खाली आली,
आई स्वयंपाकघरातून ओरडली,
चहा गाद्यांवर.
आणि तिकडे, मी लॅपटॉपवर बघत होते,
लाल जाकिटाने हवेतलं काहीतरी झेललं,
खुंटाला दोन वेढे दिले, तिसरा अडकवला,
आणि एकदा ओढून पाहिलं.

"बांधली," बाबा म्हणाले.
डबा काढून माझ्या हातात दिला,
आणि ढालीचा तुटलेला कान शोधत राहिले
पलंगाखाली.

सकाळी बंदरावर जाताना, चप्पल घालता घालता,
"त्याला लिव. आज षष्ठी.
पाऊणपट कर. साडेचारला भरंल.
रोज तिथी बघ आन् पाऊणपट कर,
येवढं तरी त्या मशीनला जमंल?
आन् कावळं घाल."

दोन दिवसांनी उत्तर आलं:
पाणी जमलं. कावळे विकत आहेत, जोडी साठला.
बाबांना वाचून दाखवलं.
"कावळं इकत?"
एवढं हसताना मी त्यांना
इंजिन जळालं त्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं.

आज दुपारी आत गेले.
पाणी मागे गेलं होतं, भांगाचं, अर्धवट.
कडेच्या दोन होड्या कुशीवर.
कोल्हा चिखलात, पंख वर धरून.
ब्राझीलमध्ये पहाट असावी, ती मुलगी तरी जागी होती.
तिने लिहिलं, समुद्र बिघडलाय का?

मी लिहिलं, नाही, येईल.
आज नवमी. पावणेसातला भरेल.

कुणाच्या घड्याळाने, तिने विचारलं.

मी दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं.
ट्रकच्या टपावर, उधारीवर घेतलेला,
एकच कावळा बसला होता.