अंड्यातली म्हण

ते अंडं आउसदिसचं होतं.
काळं, सत्तर टक्के, पाव किलोहून थोडं जास्त,
तिला गोड चालत नाही म्हणून मुद्दाम कडू.
आमच्याकडे ईस्टरच्या चॉकलेटी अंड्यात एक म्हण असते,
चिठ्ठीवर छापलेली. अंडं फोडल्याशिवाय ती कळत नाही,
आणि आउसदिस ट्रॉलरवर होती, दहा दिवस कॉड साफ करत.
मंगळवारी येणार होती ती फोडायला.

"कपाटाच्या वर ठेव," जाताना म्हणाली होती.
मी खिडकीत ठेवलं.

शनिवारी रात्री साडेनऊला सुन्नेवा म्हणाली,
"बाबा, काउतूर चांदी खातोय."
चांदी म्हणजे वेष्टन. आत काही उरलं नव्हतं.
तो उभा, शेपटीचं वेटोळं हलवत,
मिशांना तपकिरी चुरा,
आणि तोंडावर आपलाच वाढदिवस असल्यासारखा भाव.

मी मीठ शोधलं. माझ्या आजोबांचा उपाय:
खारं पाणी पाजा, सगळं बाहेर येतं.
फोनवर रानवेग म्हणाली, "मीठ खाली ठेव, ओड्डूर."
तिला मी दिसत नव्हतो. तरी ठेवलं.
मग विचारलं, बाजारात मासळी घेताना विचारावं तसं:
काळं की दुधाचं? किती? केव्हा?
वजन?

वजन.
सहा वर्षं हा माझ्या पायांवर झोपतो
आणि मला त्याचं वजन माहीत नाही.
त्याला उचलून काट्यावर चढलो: पंचाण्णव.
त्याला सोडून चढलो: एक्याऐंशी.
वजाबाकी सुन्नेवाने केली, बोटांवर, ओठ हलवत,
रडत रडत, पण बरोबर.
चौदा.
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
"वेष्टन घे आणि नीघ. मी दवाखाना उघडते."

सुदुरेरीहून इसाफ्योर्दुरला जायला डोंगर फोडलाय.
बोगदा एकेरी; समोरून दिवे दिसले
की कोनाड्यात गाडी घालायची आणि थांबायचं.
थांबलो.
डोंगराच्या पोटात आम्ही,
काउतूरच्या पोटात अंडं, अंड्याची चिठ्ठी,
आणि चिठ्ठीवर काय होतं ते आता त्याच्याकडे.
मागच्या सीटवर तो धापा टाकत होता.
सुन्नेवाने त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला.
"बाबा, हा बसून धावतोय."
समोरचा ट्रक रांगत गेला, बर्फ सांडत,
ड्रायव्हरने हात केला. मी नाही केला.

रानवेगने एक इंजेक्शन दिलं
आणि मांजराचा ट्रे पुढे सरकवला.
चार मिनिटं तो आमच्याकडे असा बघत राहिला
जणू आम्हीच काहीतरी खाल्लंय.
मग आलं.
काळा चिखल, चांदीचे तुकडे,
फेब्रुवारीत हरवलेल्या मोज्याचं एक टोक,
आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी.
चिमट्यात धरून तिने ती दिव्याखाली नेली.
एकच शब्द वाचता आला: "आधी".
आधी काय, ते विरघळलं होतं.

मग कोळशाची पूड, मग सलाईन.
"माणसाच्या अंगातून हे भराभर निघून जातं," रानवेग म्हणाली,
"याच्यातून नाही. उद्याही थरथरला तर घाबरू नका,
मला सांगा."
मी जमिनीवर बसलो, घड्याळ हातात,
त्याचे ठोके मोजत. हुकले की पुन्हा पहिल्यापासून.
पहाटे चारच्या सुमाराला मोजता येतील इतके सावकाश झाले.
सुन्नेवा पिंजऱ्याच्या जाळीला गाल लावून झोपली होती,
गालावर चौकोन उमटलेले.

मंगळवारी धक्क्यावर आउसदिस उतरली,
माशांच्या वासात, हात राठ.
"माझं अंडं?"
सुन्नेवाने चिठ्ठी दिली, नवी, पेन्सिलीने लिहिलेली,
उरलेली म्हण स्वतः पुरी करून:
आधी फोन, मग रडारड.

आउसदिसने दोनदा वाचली, घडी घातली, पाकिटात ठेवली.
काउतूरला खाली वाकून हुंगलं, त्याने तिला हुंगलं.
मग सरळ होत म्हणाली,
"पण कपाटाच्या वर हा पोचला कसा?"

सुन्नेवा बुटांकडे बघत होती.
काउतूर माझ्याकडे.

"हुशार आहे," मी म्हणालो.