वगळलेला चालक

सातवा फोनही तिने धुलाईखोलीतूनच लावला,
एका कानात बोट घालून,
म्हाताऱ्यांच्या चादरी ड्रायरमध्ये गरगरत असताना.
प्रत्येक आवाज गोड, आणि प्रत्येकाला तेच हवं:
गेल्या पाच वर्षांत काही?
हो, काही.
तारीख?
बावीस नोव्हेंबर, रात्री सव्वाअकरा.
कुणाचीतरी उभी गाडी, एक टपालपेटी,
आणि रक्तात किती होती तो आकडा.
मग कीबोर्डची टकटक, मग शांतता,
मग असा हप्ता, की त्यात
तिच्या गाडीसारख्या दोन गाड्या वर्षाला आल्या असत्या.

पाद्र्याला निदान एकदाच सांगावं लागलं होतं.

टोलेडोत नदीच्या या बाजूची बस नऊला झोपते.
डोरीन वुजिकची पाळी सुटते साडेअकराला,
पलीकडच्या काठावर.
मध्ये पूल. पुलावर जानेवारी.
म्हणून गाडी, म्हणून विमा,
म्हणून सुट्टीच्या दिवशी नादिम साबाचं दुकान,
डोनटवाला आणि नखं रंगवणारी यांच्या मधलं,
काचेवर हाताने रंगवलेलं:
आम्ही कुणाला नाही म्हणत नाही.

बाहेर तिची गाडी भिंतीला पाठ लावून उभी,
म्हणजे मागची पाटी दिसू नये.
पिवळी पाटी, लाल अक्षरं, कोर्टाने दिलेली.
नादिमने ती पाहिली नाही.
म्हणजे पाहिली,
पण शेजारच्याच्या ताटात पाहू नये, तशी.

फॉर्मवर एक चौकोन असतो.
त्यात त्याने हलक्या हाताने फुली केली: जोखीम.
माझ्या भाषेत बायका प्रवासाला निघताना
दागिन्यांनाही हाच शब्द वापरायच्या.
अंगावर जोखीम आहे, म्हणायच्या,
आणि पदर ओढून घ्यायच्या.
डोरीनने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.
दुकानातला हीटर बंद होता.

महिन्याला दोनशे एकतीस, नादिम म्हणाला.
तिने पर्समध्ये पाहिलं, उगीच,
पर्समध्ये किती आहेत ते तिला पाठ होतं.

घरात आणखी कोण चालवतं?
मुलगा. ब्रेनन. एकोणीस.
त्याला वगळलं तर बेचाळीस कमी होतील.
पण मग त्याने या गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही.
तुम्ही आजारी असलात तरी.
घर पेटलं तरी.

डोरीन हसली. हसू कुठून आलं कुणास ठाऊक.
तो बसतच नाही हो माझ्या गाडीत.
त्या रात्री शेजारच्या सीटवर होता.
काही नाही झालं त्याला. ओठाला दोन टाके.

नादिमने कागद फिरवून तिच्यासमोर ठेवला.
पेनला दोरी होती, दोरी आखूड होती,
तिला वाकावं लागलं.
मुलाचं पूर्ण नाव तिने शेवटचं लिहिलं होतं
शाळेच्या सहलीच्या परवानगीपत्रावर.
तेव्हाही मधलं नाव चुकलं होतं.
आताही एक अक्षर खोडलं, वर पुन्हा लिहिलं,
आणि खोडल्याजागी वेगळी सही केली.

गाडी सुरू व्हायच्या आधी तिला फुंकर लागते.
काळी नळी, सहा सेकंद, सलग.
लहानपणी गुडघा फुटला की ब्रेनन पाय पुढे करायचा,
ती फुंकर घालायची,
तो म्हणायचा, अजून.
तिने फुंकलं. यंत्राने जरा विचार केला.
हिरवा ठिपका.

रस्त्यावर तिने ताशी पस्तीसच ठेवली.
मागच्याने भोंगा वाजवला,
तिने त्याला पुढे जाऊ दिलं.

घराशी, पायरीवर बसून,
तो बुटांचे बंद बांधत होता.
किती? त्याने विचारलं.
एकशे एकोणनव्वद.
बरंय, म्हणाला,
आणि गाडीला वळसा घालून
बसथांब्याकडे निघाला.