डिकीवरची दोन अक्षरं

सावद्याच्या नाक्यापुढे, केळीच्या वखारीला लागून
माझं वॉशिंग सेंटर. पत्र्याचं छप्पर, एक रॅम्प,
बोअरचं पाणी, तेही लाइट असली तर.
मे महिन्यात दुपारी बारा ते चार
मी कुणाच्याच गाडीला हात लावत नाही.
तापल्या बॉनेटवर फेस टाकला
की डोळ्यांदेखत वाळतो, पापडासारखा तडकतो,
मग त्याचाच डाग.

लोक घाईत येतात.
वखारीतून, हळदीतून, दीपनगरच्या राखेतून.
उतरता उतरताच म्हणतात, "मार ना भो फडकं."
फडकं मी मारत नाही.
पाइपाचा जोर कमी करून आधी नुसतं पाणी,
टपापासून खाली. मग फेस.
मग स्टुलावर बसतो.
हे बसणं लोकांना पाहवत नाही.
"बसायचे पैसे घेतो का रे?"
हो, म्हणतो. बसायचेच घेतो.

बसलं की दिसतं:
पांढऱ्यातून एक काळी रेघ निघते,
कपाशीच्या रानातली,
तिच्यामागून राखेची करडी.
दाराच्या कडेला केळीचा चीक, तो हट्टी;
त्यावर जुन्या लुगड्याची ओली घडी ठेवतो,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी.
धूळ आपल्या पायानं खाली उतरते.
तिला ओढायचं नाही.

भुसावळला, सुपडू उस्तादांकडे, पहिल्याच दिवशी
मी एका निळ्या गाडीवर कोरडं फडकं
गोल गोल फिरवलं होतं, मन लावून.
चकाकली. मी शाबासकीची वाट बघत उभा.
उस्तादांनी गाडी उन्हात काढली,
माझी मान धरून वाकवली:
रंगात कोळ्याचं जाळं.
सूर्याभोवती हजार बारीक वर्तुळं,
सगळी माझ्या हातची.
"धूळ म्हंजे दगडच राह्यतो, बारीक.
तू गाडी पुसली नाई, घासली.
पह्यले भिजू दे. मंग हात लाव."
त्या महिन्याचा पगार त्यांनी कापला नाही.
कापला असता तर विसरलो असतो.

रविवारी फुलपगारे सर येतात, मरून गाडी घेऊन.
फैजपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे.
त्यांना थांबा म्हणावं लागत नाही.
दुसरं स्टूल ओढून बसतात,
फेस उतरेपर्यंत तापीच्या गाळाचं काहीतरी सांगतात,
मी ऐकतो, किंवा नाही.
डिकीशी आलो की मात्र उठतात:
"इथं पॉलिश नको."

तिथं दोन अक्षरं आहेत.
मुलगी आठवीत की नववीत असताना
तिनं धुळीत बोट दाबून लिहिलं होतं: धुवा.
धूळ केव्हाच गेली.
बोटाखालचे कण रंगात ओरखडून गेले, अक्षरं राहिली.
पाचच्या तिरप्या उन्हात स्पष्ट वाचता येतात.
नव्यासारखी होऊन गाडी रॅम्पवरून उतरते
आणि रस्त्यानं मागच्यांना सांगत जाते, धुवा.

मी एकदा म्हटलं, कंपाउंड लावतो सर,
अर्ध्या तासात जाईल.
ते म्हणाले, "ती सुरतेला असते आता.
फोन केला की पहिलं विचारते, गाडी धुतली का?"
आणि वखारीत शिरणाऱ्या ट्रककडे बघत बसले.

तेव्हापासून डिकीला मी
दहाऐवजी पंधरा मिनिटं देतो.

परवा मध्येच लाइट गेली. बोअर बंद.
फेस डिकीवर तसाच, अक्षरं त्याच्याखाली,
आणि वारा असा की सगळं वाळवून टाकेल.
मी बादली उचलली, तांब्यानं
वरून बारीक धार सोडत राहिलो,
एक तांब्या, मग एक.
सर स्टुलावरून उठले, बाह्या दुमडल्या,
म्हणाले, "तांब्या द्या इकडे."